समुद्रसपाटीपासून

पहिल्यांदा पडदा सुटला तेव्हा मी किन्वा निवडत होते.
ताटाच्या डाव्या कडेला सावली आली.
वाटलं, सबास्ता येऊन उभी राहिली उजेडात.
म्हटलं, बाई, जरा बाजूला हो.
ती झाली नाही.
ती नव्हतीच.

ला पासला बुबुळाभोवती पट्टा आवळला,
तो आठ महिने टिकला.
मग सांताक्रूझ. खाली, उकाड्यात,
जिथली हवा चावून खावी इतकी दाट.
डॉक्टर इचासोनं डोळ्यात वायू भरला,
मनगटाला हिरवी पट्टी बांधली
आणि म्हणाला, आता वर जायचं नाही.
वर म्हणजे कुठे?
म्हणजे घरी.
ओरुरो तीन हजार सातशे मीटरवर,
चढ लागला की वायू फुगतो,
डोळा आतून दाबतो,
उरलंसुरलंही विझतं.
आमच्या देशाला समुद्र नाही,
तरी समुद्राच्याच सपाटीनं
माझ्या घराचं माप निघालं.

दहा दिवस भाचीकडे पालथी.
खाटेच्या कडेवरून तोंड खाली,
समोर सात फरश्या, पाचवीला तडा,
तड्यात मुंग्यांची ये-जा, ती उजव्या डोळ्यात.
डाव्यात नुसता एक गोल, पाऱ्यासारखा डुलणारा.
उठून बसले की तो तळाशी आडवा व्हायचा,
गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा.
क्रिसोस्तोमो भिंती बांधायचा.
तो गेल्यावर त्याची पाणसळ मी विकली
सत्तर बोलिव्हियानोला, घासाघीस न करता.
आता मान जरा कलली
की माझ्या आत कुणीतरी सांगायचं,
भिंत ओळंब्यात नाही.

रेघ रोज थोडी खाली सरकायची,
जग वरून उतरत यायचं.
आधी छत. मग पंखा.
मग फ्लोराचं कपाळ, तिच्या भुवया;
हनुवटी यायला आणखी तीन दिवस लागले.
मी तोवर भाचीचा चेहरा
असा हप्त्याहप्त्यानं कधी पाहिला नव्हता.
तिला सांगितलं नाही.
अडतिसाव्या दिवशी बस चढली,
मी दर वळणाला डोळा झाकून उघडला.

नोव्हेंबरात पुन्हा सुटला.

या खेपेला तेल.
डोळ्यात तेल घालून जपावं म्हणतात,
माझ्या खरोखरच घातलंय.
तेल फुगत नाही, घरी जाता येतं.
घरी आले. रश्श्यावरच्या तवंगातून पाहावं
तसं अंगण, तशी दोरीवरची लोकर,
दाराची चौकट मधेच पोटात दुखल्यासारखी वाकलेली.
उजव्या डोळ्यातही एक पातळ जागा आहे म्हणे,
तिच्याभोवती लेझरचे टाके घातलेत.
टिकेल? विचारलं.
बघू, म्हणाला डॉक्टर.
आणि तेल काढल्यावर?
बघू.
त्याला बघता येतं,
म्हणून इतक्या सहज म्हणता येतं.

पहाटे, कुणी उठायच्या आत,
उजवा डोळा तळव्यानं झाकते
आणि खिळ्यावरचा विल्बरचा शाळेचा स्वेटर शोधते.
त्याच्या बाहीला तीन पट्टे.
कधी तीन येतात. कधी दोन.
एकदा पाच आले आणि मी उगाचच खूश झाले.
मग चूल पेटवते. लेकीनं विचारलं तर
म्हणते, कालच्यासारखंच.
काल कसं होतं, ते ती विचारत नाही.

किन्वा आता विल्बर निवडतो.
नऊ वर्षांचा, लक्ष सगळं रस्त्यावरच्या चेंडूत.
मी बोटांनी पुन्हा चाळते,
पण थंडीत बोटंही खोटं बोलतात.
आज जेवताना त्याच्याच दाताखाली कचकन आलं.
थुंकून त्यानं तळहात माझ्यापुढे धरला.
सापडला, आजी! केवढा आहे बघ!
मी तळहात पाहिला. तळहात होता.
पांढरा आहे, म्हटलं.
काळा आहे, तो म्हणाला,
आणि मग एकदम गप्प झाला,
जेवायचा थांबला.

दे इकडे, बघू,
म्हटलं,
आणि खडा उचलून जिभेवर ठेवला.